हायड्रोजन : उद्याचे इंधन आणि आपले आजचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात भोजनापूर्वी एखादे ज्ञानदायी व्याख्यान व्हावे, हा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. यंदा चिटणीस महाशयांनी हे काम मजकडे सोपविले आणि विषय दिला तो हायड्रोजन वायूचा. कार्यक्रमपत्रिका हाती पडताच काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले की, वधूवर-सूचक विभाग, शिष्यवृत्त्या, वसतिगृहाची दुरुस्ती असे जिव्हाळ्याचे प्रश्न पडले असता ज्ञातीच्या संमेलनात वायूची चर्चा कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रारंभीच देतो.

आपल्या नागपुरात जमशेटजी टाटांनी काढलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिच्या भोंग्यावर या शहरातील हजारो घरांचे घड्याळ चालत असे. ती गिरणी २००२ साली बंद पडली. सव्वाशे वर्षे ज्या उद्योगाने अन्न दिले तो डोळ्यांदेखत नाहीसा झाला. ज्या घरांतील मुलांनी वेळीच दुसरी विद्या हस्तगत केली होती ती घरे सावरली. बाकीच्यांचे काय झाले हे या सभागृहात बसलेल्या पुष्कळांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आज आपल्यातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ कोळशावर चालतो. कोणी खाणीत आहे, कोणी कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात आहे, कोणी कोळशाच्या वाहतुकीत आहे. कोळशाचे युग उद्याच संपेल असे मी म्हणत नाही. परंतु ते चिरंतन नाही, हे आता सरकारे आणि कारखानदार दोघेही बोलू लागले आहेत. पुढे काय येणार आहे याची कल्पना असणे, हा वधूवर-सूचक विभागाइतकाच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, असे माझे नम्र मत आहे.

हा वायू कोण आहे?

हायड्रोजन हे नाव परके वाटले तरी पदार्थ आपल्या घरचाच आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्या ज्ञानकोशाचे काम प्रथम आपल्या नागपुरातच उभे राहिले, त्या ज्ञानकोशाच्या काळी मराठीत याला ‘उज्ज’ म्हणत. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ साली हा वायू वेगळा ओळखला. पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिए याने तो जाळला असता पाणी होते हे दाखवून त्याचे नामकरण केले. हायड्रोजन या शब्दाचा अर्थच ‘पाणी उत्पन्न करणारा’ असा आहे. या एका नावात आजच्या व्याख्यानाचे सार आले आहे. कोळसा जाळला की धूर, राख आणि कर्बवायू मिळतो. हायड्रोजन जाळला की पाण्याची वाफ मिळते.

विश्वात सर्वांत विपुल असणारे मूलद्रव्य हेच. सूर्यनारायणाच्या पोटात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनाचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि त्यातून जी शक्ती बाहेर पडते तिच्यावर आपली संत्र्याची बाग पिकते. पृथ्वीवर मात्र हा वायू मोकळा असा फारसा सापडत नाही. तो पाण्यात प्राणवायूशी आणि तेलात, वायूत, लाकडात कर्बाशी बांधलेला असतो. त्याला त्या बंधनातून सोडविण्यासाठी शक्ती खर्च करावी लागते. हा मुद्दा आपण मनात पक्का धरावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. कोळसा खाणीतून खणून काढता येतो, हायड्रोजन बनवावा लागतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याला शक्तीचा उगम म्हणत नाहीत, वाहक म्हणतात. विहीर आणि घागर यांत जो भेद आहे तोच येथे समजावा. हायड्रोजन ही घागर आहे.

आपल्या आयुष्यात तो आजही आहे, फक्त पडद्याआड. द्रवरूप तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की त्याचे घट्ट वनस्पती तूप होते. १९३७ साली बाजारात आलेला डालडा असाच तयार होई. शेतकरी जो युरिया टाकतो त्याच्या मुळाशी अमोनिया असतो आणि अमोनियाच्या मुळाशी हायड्रोजन. तुर्भे आणि थळ येथील खतकारखाने तो नैसर्गिक वायूपासून काढतात. नागपूरच्या आसपास खाणींसाठी स्फोटके बनविण्याचा मोठा उद्योग आहे. त्याला लागणारे अमोनियम नायट्रेटही अमोनियापासूनच होते. आणि कोराडीसारख्या केंद्रातील प्रचंड जनित्रे तापू नयेत म्हणून त्यांच्या पोटात जो वायू खेळविला जातो तो हायड्रोजनच होय. म्हणजे ज्याला आपण उद्याचा पाहुणा समजतो त्याला आपल्यातील काही कामगार वर्षानुवर्षे सांभाळीत आले आहेत.

जन्मावरून पारख

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हायड्रोजन स्वच्छ आहे काय?

माणसाची पारख त्याच्या जन्मावरून करू नये, कर्तृत्वावरून करावी, हे आपल्याला संतांनी शिकविले आणि आपल्या मंडळानेही ते तत्त्व मानले आहे. हायड्रोजनाची गोष्ट मात्र उलट आहे. जळताना तो कर्बवायू सोडत नाही. तो मलिन की निर्मळ हे मुख्यतः त्याच्या जन्मावरून ठरते.

नैसर्गिक वायूपासून तो काढला तर दर किलोमागे ९ ते १० किलो कर्बवायू हवेत जातो. यास करडा हायड्रोजन म्हणतात. तोच कर्बवायू पकडून जमिनीत गाडला तर निळा. पाण्यातून वीज सोडून त्याचे पृथक्करण केले आणि ती वीज सूर्यापासून वा वाऱ्यापासून आली असेल तर तो हिरवा. वायूला स्वतःचा रंग नाही. हे रंग त्याच्या कुळाचे आहेत.

पाण्याच्या पृथक्करणाला एक किलो हायड्रोजनामागे ५० ते ५५ युनिट वीज लागते. समजा, ही वीज आपण कोळशावर चालणाऱ्या केंद्रातून घेतली. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण ०.९ किलो कर्बवायू निघतो. म्हणजे एक किलो ‘स्वच्छ’ इंधनासाठी ४५ ते ५० किलो कर्बवायू आपण कोराडीच्या चिमणीतून सोडला. हा करड्या हायड्रोजनापेक्षाही जवळजवळ पाचपट मलिन ठरला. पुण्यामुंबईच्या रस्त्यावर निर्धूर गाडी धावावी आणि तिच्यासाठी धूर मात्र विदर्भातील लेकरांच्या छातीत भरावा, असा व्यवहार आपल्याला मान्य होण्यासारखा नाही. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये जी व्याख्या ठरविली तिच्याप्रमाणे एक किलो हायड्रोजनामागे दोन किलोहून अधिक कर्बवायू पडत असेल तर त्यास हिरवा म्हणता येत नाही. यापुढे कोणीही आपल्या गावात हायड्रोजनाचा कारखाना काढू म्हणाला तर सामान्य नागरिकाने एकच प्रश्न विचारावा : वीज कोठून आणणार?

कल्पना जुनी, प्रयत्नही जुने

पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन काढण्याचा प्रयोग निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली केला. उलट दिशेने, म्हणजे हायड्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग घडवून वीज मिळविण्याचा प्रयोग विल्यम ग्रोव्ह याने १८३९ च्या सुमारास केला. त्यालाच आज इंधनघट म्हणतात. जूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८७४ सालच्या आपल्या कादंबरीत एका पात्राकडून, पुढे पाणीच कोळशाचे काम करील असे भाकीत वदविले. १९२३ साली केंब्रिज येथील एका व्याख्यानात जे. बी. एस. हाल्डेन यांनी पवनचक्क्यांच्या विजेवर पाण्याचे पृथक्करण करून वायू साठविण्याची कल्पना मांडली. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

भारतातही हा प्रयोग नवा नाही. भाक्रा-नांगलच्या जलविद्युतेवर पाण्याचे पृथक्करण करून त्या हायड्रोजनापासून खत बनविण्याचा कारखाना पंजाबात नांगल येथे १९६१ साली सुरू झाला. त्या काळी कर्बवायूची चिंता कोणी करीत नव्हते. तरी आजच्या भाषेत तो हिरवा हायड्रोजनच होता. पुढे विजेची इतर मागणी वाढली, ती खतासाठी पुरेना, आणि कारखाना दुसऱ्या कच्च्या मालाकडे वळला. हा इतिहास उद्बोधक आहे. विद्या होती, यंत्रे होती. अडले ते स्वस्त आणि मुबलक विजेपाशी. आजही तेथेच अडते.

फरक पडला आहे तो सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेच्या किमतीत. ती गेल्या पंधरा वर्षांत फार उतरली, म्हणून हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट त्यात आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२३ मध्ये स्वतःचे धोरण जाहीर करून ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद केली. आपल्या नागपूरचे खासदार श्री. नितीन गडकरी ३० मार्च २०२२ रोजी हायड्रोजनावर चालणाऱ्या मोटारीतून संसदेत गेले, हे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने बनलेली इंधनघटाची बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांसमोर आली. मार्च २०२५ मध्ये केंद्र शासनाने ३७ बसगाड्या व मालमोटारी आणि ९ भरणाकेंद्रे यांच्या प्रायोगिक योजना मंजूर केल्या. त्यांतील मार्गांत पुणे-मुंबई हा एक आहे.

हिशेब

आकडे सांगितले म्हणजे विषय रुक्ष होतो हे मी जाणतो. परंतु आपली ज्ञाती हिशेबाला कधी कंटाळलेली नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

एक किलो हायड्रोजनात सुमारे ३३ युनिट शक्ती असते. स्वयंपाकघरातील सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो; तेवढीच उष्णता साडेपाच किलो हायड्रोजन देईल. भगिनींना वाटेल, वा, सिलिंडर किती हलके होईल! पण येथेच मेख आहे. साडेपाच किलो हायड्रोजन साध्या दाबाने ठेवायचा तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा दोन खोल्या भरूनही तो उरेल. म्हणून मोटारीत तो ७०० वातावरणांच्या दाबाने कोंडतात. मोटारीच्या चाकात जो दाब असतो त्याच्या तीनशेपट म्हटले तरी चालेल. अग्निबाणासाठी तो उणे २५३ अंश इतका थंड करून त्याचा द्रव करतात. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ ज्या अग्निबाणाने उडाले त्याच्या वरच्या टप्प्यात हेच द्रव इंधन होते. साठवणुकीचा तिसरा मार्ग म्हणजे सेंद्रिय द्रवात हायड्रोजन बांधून ठेवायचा आणि हवा तेव्हा उष्णतेने सोडवून घ्यायचा. या मार्गावर आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेत संशोधन झाले आहे, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. हीच संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून निघाली आणि १९७४ पासून आजच्या नावाने ओळखली जाते.

आता नफातोटा पाहू. ५५ युनिट वीज घालून एक किलो हायड्रोजन बनविला. त्यातील ३३ युनिटांपैकी इंधनघट साधारण निम्मी शक्ती विजेच्या रूपाने परत देतो, म्हणजे १६-१७ युनिट. दाबाखाली भरण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वेगळाच. ५५ घालून १६ मिळविणे हा धंदा शहाण्याचा नव्हे. तीच वीज बॅटरीत भरली तर याच्या दुपटीहून अधिक कामाला येते. म्हणून घरगुती दुचाकी, रिक्षा वा मोटार यांसाठी बॅटरीच बरी, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हायड्रोजनाचे स्थान निराळे आहे. जेथे बॅटरीने भागत नाही, किंवा जेथे हायड्रोजन हा इंधन नसून कच्चा मालच आहे, तेथे त्याला पर्याय नाही. खत, तेलशुद्धीकरण, पोलाद, लांब पल्ल्याची अवजड वाहतूक ही ती क्षेत्रे होत. गडचिरोलीत सुरजागड येथे लोहखनिज आहे. खनिजातून लोखंड काढताना आज कोळशाचा कर्ब प्राणवायूला ओढून घेतो. ते काम हायड्रोजनही करू शकतो आणि मागे पाणी ठेवतो. स्वीडनमध्ये २०२१ साली अशा रीतीने लोखंड काढून दाखविण्यात आले. विदर्भाच्या दृष्टीने मोटारीपेक्षा ही शक्यता कितीतरी मोलाची आहे.

पाण्याविषयी अनेकांना काळजी वाटते, आणि दुष्काळ पाहिलेल्या प्रांतात ती वाटणारच. एक किलो हायड्रोजनासाठी रसायनशास्त्राप्रमाणे ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण व थंडावा धरून २० लिटर समजा. राज्याने २०३० साठी जे ५ लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले आहे तेवढे सगळे उत्पादन एकट्या नागपुरात होते असे धरले, तरी दिवसाला पावणेतीन कोटी लिटर पाणी लागेल. आपल्या शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून वीजकेंद्रास पुरविले जाते, आणि तेथील शुद्धीकरणाची क्षमता याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे पिण्याच्या पाण्यास हात न लावता हे काम होऊ शकते, अर्थात पाणी अत्यंत शुद्ध करण्याचा खर्च सोसून. वीज मात्र त्याच उद्दिष्टाला वर्षाला २,७५० कोटी युनिट लागेल. पाण्यापेक्षा विजेचा प्रश्न शतपटीने मोठा आहे, हे यावरून ध्यानात येईल. विजेचा दर चार रुपये धरला तर एका किलोमागे २२० रुपये केवळ विजेचेच झाले. यंत्रसामग्री, व्याज, पगार मिळवून हिरवा हायड्रोजन आज करड्याच्या सुमारे दुप्पट भावाने पडतो. भाव उतरेल अशी आशा आहे. तो उतरला असे मात्र अद्याप म्हणता येत नाही.

भय आणि भोळेपणा

लोकशिक्षणाच्या मार्गात दोन अडथळे असतात, एक भय आणि दुसरा भोळेपणा.

भयाचे एक कारण हायड्रोजन बॉम्ब हा शब्द. १९५२ साली पॅसिफिक महासागरात पहिला मोठा स्फोट झाला तेव्हापासून हे नाव लोकांच्या मनात बसले. त्या अस्त्रात हायड्रोजनाच्या जड प्रकारांच्या अणुगर्भांचे कोट्यवधी अंश उष्णतेत मीलन घडवावे लागते आणि त्यासाठी आधी अणुबॉम्ब फोडावा लागतो. बसगाडीच्या टाकीत तसे काही होणे सर्वथा अशक्य आहे. दुसरे कारण हिंडेनबर्ग विमानाचे. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हे जर्मन वायुपोत जळाले आणि ३६ माणसे दगावली. दुर्घटना भयंकर होती. परंतु पोतावर ९७ माणसे होती आणि त्यांतील बहुसंख्य वाचली, कारण जळता हायड्रोजन वर निघून गेला.

म्हणून भय नको. सावधपणा मात्र हवाच. हा वायू हवेच्या चौदापट हलका आहे. स्वयंपाकाचा गॅस गळला तर जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. हायड्रोजन गळला तर छताला जाऊन साचतो. त्यासाठी वायुवीजन वरच्या बाजूस हवे. हवेत त्याचे प्रमाण ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो पेट घेऊ शकतो आणि त्यास अगदी क्षुल्लक ठिणगी पुरते. जनित्रात तो जवळजवळ शुद्ध स्वरूपात ठेवतात, त्यामुळे तेथे तो पेटत नाही. धोका असतो तो हवेत मिसळण्याचा. त्याला वास नाही आणि उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. घरच्या गॅसला वास यावा म्हणून मुद्दाम द्रव्य घालतात. ते हायड्रोजनात घातले तर इंधनघट बिघडतो. म्हणून नाकाऐवजी यंत्रावर विसंबावे लागते.

येथे नागपूरचे महत्त्व ध्यानात घ्यावे. देशभरातील दाबाखालील वायूंच्या सिलिंडरांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या शहरात आहे. देशाचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही येथेच आहे. हायड्रोजनाचे शास्त्र देशात कोठेही वाढो, त्याच्या सुरक्षिततेचे शास्त्र नागपुरात शिकता येईल. असे भाग्य दुसऱ्या कोणत्या शहराच्या वाट्याला आले आहे?

भोळेपणाचा प्रकार याहून घातक आहे. १९९६ साली तामिळनाडूतील एका इसमाने वनपस्पतीचा पाला पाण्यात उकळून पेट्रोल बनविल्याचा दावा केला. देशभर त्याचा गाजावाजा झाला आणि अखेर शास्त्रज्ञांच्या चाचणीत तो टिकला नाही. आता तीच बनवाबनवी हायड्रोजनाच्या नावे चालते. ‘पाण्यावर चालणारी मोटार’, ‘गाडीत बसवा आणि पेट्रोल निम्मे वाचवा’ अशा यंत्रांच्या जाहिराती आपल्या तरुणांच्या दूरध्वनीवर येत असतात. वर सांगितलेला हिशेब आठवला म्हणजे फसवणूक उघड होते. पाणी हे जळून गेलेल्या हायड्रोजनाची राख आहे. राख पुन्हा लाकूड करायची तर लाकूड जळताना मिळाली त्याहून अधिक शक्ती घालावी लागेल. गाडीच्या इंजिनावर वीज करायची, तिच्याने पाणी फोडायचे आणि त्या वायूवर तेच इंजिन चालवायचे, म्हणजे स्वतःच्या शेंडीला धरून स्वतःस विहिरीतून वर ओढण्यासारखे आहे. अशा यंत्रात वा अशा कंपन्यांच्या ठेवीत मंडळाच्या एकाही सभासदाने, विशेषतः निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, कष्टाचा पैसा घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपले कर्तव्य

आता मंडळासमोर चार सूचना ठेवतो. त्या मान्य कराव्यात की नाही हे कार्यकारी मंडळाने ठरवावे.

पहिली सूचना शिष्यवृत्त्यांची. आपला बहुतेक निधी पदवीच्या विद्यार्थ्यांकडे जातो. हायड्रोजनाच्या उद्योगास पदवीधर लागतील, परंतु त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक संख्येने उच्च दाबाच्या नळ्या जोडणारे, वेल्डिंग करणारे, वायुशोधक यंत्रे सांभाळणारे, विद्युत्-नियंत्रण जाणणारे कुशल कारागीर लागतील. केंद्राच्या अभियानाने २०३० पर्यंत सहा लाखांहून अधिक रोजगारांचा अंदाज वर्तविला आहे. अंदाज हा अंदाजच असतो. पण हे कौशल्य असे आहे की हायड्रोजन उद्या मागे पडला तरी खतकारखान्यात, तेलशुद्धीकरणात वा वीजकेंद्रात ते वाया जाणार नाही. म्हणून शिष्यवृत्तीनिधीचा एक तृतीयांश भाग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील आणि पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा, आणि त्यात मुलींचा वाटा निश्चित करावा.

दुसरी सूचना उच्च शिक्षणाची. कामठीचे दानशूर रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती तंत्रशिक्षणासाठी ठेवली आणि तीतून १९४२ साली नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेलावर हायड्रोजनाचा संस्कार कसा करावा हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. आता ते स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे. रसायन अभियांत्रिकीकडे आपल्या मुलांनी पुन्हा वळावे. संगणकाखेरीज दुसरी विद्याच नाही असा समज करून घेऊ नये.

तिसरी सूचना बालकांसाठी. दरवर्षी सहल निघते, ती एकदा रमण विज्ञान केंद्राकडे न्यावी. आणि घरच्या घरी, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, एक प्रयोग प्रत्येक मुलाने पाहावा. पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवावा. मीठ घालू नये, त्याने विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही टोकांना तासलेल्या दोन शिसपेन्सिली पाण्यात उभ्या करून नऊ व्होल्टच्या लहान बॅटरीचे दोन ध्रुव त्यांस जोडावेत. खालच्या टोकांपासून बुडबुडे निघू लागतील. ऋण ध्रुवाकडील बुडबुडे हायड्रोजनाचे. ते प्राणवायूच्या दुप्पट असतात, कारण पाण्यात त्यांचे प्रमाणच तसे आहे. खिडकी उघडी ठेवावी, जवळ काडी पेटवू नये, बुडबुडे कोठेही साठवू नयेत, आणि पाच मिनिटांत प्रयोग थांबवावा. ज्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले त्याला पुढे पाण्यावर चालणारी मोटार कोणी विकू शकणार नाही.

चौथी सूचना आपणा सर्वांसाठी. धूर सोसणाऱ्या प्रदेशाने नव्या उद्योगाचा पहिला वाटा मागावा, यात अन्याय्य काही नाही. विदर्भात ऊन आहे, खनिज आहे, शुद्ध केलेले सांडपाणी आहे, सुरक्षाशास्त्राच्या संस्था आहेत. परंतु वाटा मागणाऱ्याने विषय समजून मागावा. निवडणुकीच्या सभेत कोणी हिरव्या हायड्रोजनाचे आश्वासन दिले तर टाळ्या जरूर वाजवाव्यात, आणि टाळ्या थांबल्यावर विचारावे की वीज कोठली, पाणी कोठले, भाव काय आणि स्थानिक मुलांना शिकविणार कोण. हे चार प्रश्न विचारणारा समाज सहसा फसत नाही.

भोजनाची वेळ झाली आहे आणि मुले मघापासून चुळबुळ करीत आहेत. शंका असतील तर त्या पंगतीत बसूनही विचारता येतील.